दृष्टांतातील हास्य आणि आपला नित्य व्यवहार

॥ श्रीचक्रधर प्रसन्न ॥

विषयप्रवेश

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी जीवांना ज्ञान निरूपण करताना जे दृष्टांत योजिले, ते केसोबासांनी एकत्र करून 'दृष्टांतपाठ' सिद्ध केला, हे आपल्या मार्गातील लहानथोर सर्वांस विदित आहे. यातील दृष्टांतांची संख्या ११४. प्रत्येकाची तीन अंगे आहेत: प्रथम सूत्र, नंतर दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टान्तिक. पहिली दोन स्वामींची, तिसरे केसोबासांचे. सूत्र म्हणजे सिद्धांत. दृष्टांत म्हणजे लोकव्यवहारातील गोष्ट. आणि त्या गोष्टीचे एकेक अंग सिद्धांताला कसे लागू पडते, ते दाखविणे म्हणजे दार्ष्टान्तिक.

या ग्रंथाचे अध्ययन करताना आपण सूत्राकडे आदराने पाहतो, दार्ष्टान्तिक घोकतो; परंतु मधल्या गोष्टीवरून मात्र घाईने पुढे जातो. ती सोपी आहे, मुलांसाठी आहे, असे आपणांस वाटते. वस्तुतः या गोष्टींत यादवकाळातील घर, अंगण, शेत, बाजार आणि देऊळ यांचा व्यवहार भरलेला आहे, आणि अनेक ठिकाणी ऐकणाऱ्याला हसू यावे अशीच त्यांची मांडणी आहे. ते हसू कशासाठी? आणि ज्या व्यवहारावर ते उभे आहे तो बदलला, म्हणजे त्या हसण्याचे व त्यातील अर्थाचे काय होते? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हत्ती आणि घरातील सामान

हत्तीचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. जन्मांध माणसे हत्तीजवळ जातात. ज्याच्या हाती पाय लागला तो हत्तीला खांबासारखा म्हणतो. ज्याच्या हाती कान लागला तो सुपासारखा म्हणतो. अशा रीतीने प्रत्येकाचा हत्ती निराळा होतो. एका अंगाच्या ज्ञानालाच पूर्ण ज्ञान मानणाऱ्यांसंबंधी हा दृष्टांत आहे, एवढे आपण शिकतो व शिकवितो.

परंतु येथे किंचित थांबून पाहावे. या आंधळ्यांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. हत्तीचा कान खरोखरच सुपासारखा आहे: रुंद, चपटा आणि हलला की वारा घालणारा. पाय खरोखरच खांबासारखा आहे. हाताला जे लागले त्याचे वर्णन अचूक आहे. चूक होते ती 'हत्ती' हा शब्द उच्चारताना. दुसरे असे की, ज्या उपमा ते देतात त्या त्यांच्या घरातल्या आहेत. खांब घरातला, सूप घरातले. ज्या वस्तू रोज हाताखाली येतात, त्याच मापाने त्यांनी हत्ती मोजला. जीव परमेश्वरालाही असाच आपल्या घरातल्या भांड्याने मोजावयास जातो, आणि जेवढे भांड्यात आले तेवढाच परमेश्वर, असे ठरवून मोकळा होतो.

येथेच हसू येते. पण हसणाऱ्याने सावध असावे. 'काय हे आंधळे!' असे म्हणून जो हसतो, त्याने आपण डोळस असल्याचे मनाशी गृहीत धरलेले असते. दृष्टांताची खरी पकड येथे आहे. तो आधी हसवितो आणि मग विचारतो, 'तुझ्या हाती हत्तीचे कोणते अंग आहे?' या प्रश्नावर ज्याचे हसू विरत नाही, त्याने गोष्ट ऐकली, दृष्टांत ऐकला नाही.

एक अनुभव

हे मला पोथीतून कळले असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या प्रसंगाने कळले तो सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी श्रावणात वऱ्हाडातील एका खेड्यात माझे निरूपण चालू होते. हत्तीचा दृष्टांत लावून झाला. दार्ष्टान्तिक बारकाव्यांसह सांगितले, आणि आज विषय उत्तम मांडला गेला या समाधानात मी पोथी बांधू लागलो. तोच पुढे बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने विचारले, 'बाबा, सूप त पातळ असते, मंग हत्ती सुपासारखा कसा असन?'

क्षणभर कोणाला उमगले नाही. मग ध्यानात आले की, मुलाच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या पंगतीत जेवणाआधी वाटीतून देतात ते सूप होते. सभा खळखळून हसली. मला मात्र राग आला. निरूपणाचा रंग गेला असे वाटले. मी मुलाला दटावले आणि वर आजच्या पिढीच्या अज्ञानावर चार शब्द बोललो. मूल खाली मान घालून बसले.

सभा उठल्यावर एक वृद्ध वासनिक बाई दंडवत घालून म्हणाली, 'बाबा, पोट्ट्याले सूप माहीत नाही, त त्यात त्याचा काय गुन्हा? आता घरातच सूप ऱ्हायलं नाही. दाळ पुडक्यात येते, निवडलेली. पण एक इचारू काय? तुमी तरी कधी पाखडून पायलं काय?'

मी निरुत्तर झालो. मी नवव्या वर्षी आश्रमात आलो. धान्य निवडण्या-पाखडण्याचे काम तपस्विनींकडे असे. सूप मी पाहिले होते, 'सूप' या शब्दावर व्याख्यान देऊ शकत होतो, परंतु सूप हाती धरून एक पसा गहू कधी पाखडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती बाई माळ्यावरचे जुने सूप झाडून घेऊन आली. बरोबर थोडे गहू. सभेसमोर मी पाखडावयास बसलो. कोंडा माझ्या डोळ्यांत गेला आणि गहू सतरंजीवर पसरले. बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. पुरुष मोकळेपणाने हसले. मीही हसलो, कारण दुसरा उपाय नव्हता. मग मी त्या मुलाला जवळ बोलाविले, डोळे मिटावयास सांगितले आणि सूप त्याच्या हाती दिले. त्याने काठावरून हात फिरविला, सूप हलवून पाहिले, वारा गालाला लागताच डोळे न उघडता म्हणाला, 'कानच आहे!'

चाळीस मिनिटांच्या निरूपणाने जे साधले नव्हते ते एका क्षणात साधले. आदल्या दिवशी मी त्या मुलाला आंधळा ठरविले होते. दृष्टांतातील आंधळ्याच्या हाती निदान खरे सूप तरी येऊन गेले होते. माझ्या हाती नुसता शब्द होता.

वाचकांनी येथे श्रीनागदेवाचार्यांचे, म्हणजे आपल्या भटोबासांचे स्मरण करावे. विद्वान शिष्यांनी संस्कृतात प्रश्न केला असता, तुमची ती व्याकरणाची भाषा मला कळत नाही, स्वामींनी मला मराठीत निरूपण केले, मराठीतच विचारा, असे त्यांनी सांगितले. केसोबास संस्कृत रचनेकडे वळले, तेव्हा त्यांनाही याने माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील असे म्हणून आवरले. स्वतः समर्थ असलेल्या आचार्यांनी 'मला कळत नाही' असे म्हणावे, यात केवढा विनोद आणि केवढी करुणा आहे! ज्या म्हाताऱ्यांसाठी आपले शास्त्र मराठीत राहिले, त्यांपैकीच एकीने सातशे वर्षांनंतर मला सूप धरावयास शिकविले, असे मी मानतो.

व्यवहार बदलला म्हणजे काय बदलते

मूल सूप ओळखत नाही, ही एकट्या सुपाची गोष्ट नाही. जाते, उखळ, मुसळ, मोट, रहाट, कणगी हे शब्द आपल्या ग्रंथांत सहज येतात, कारण ते त्या काळच्या माणसाच्या हाताला ठाऊक होते. आज जात्याच्या जागी गिरणी आणि मिक्सर, मोटेच्या जागी विजेचा पंप आला. इ. स. २०२४ मध्ये श्रीगोविंदप्रभूंच्या रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्ही गोष्टी आपणांस आनंदाच्या आहेत. भाषा सिंहासनावर बसली. तिचे सूप मात्र माळ्यावर गेले. हेही हसून समजून घ्यावे असेच आहे.

परंतु बदलाविषयी केवळ हळहळत बसणे हे साधकाचे काम नाही. मोटेच्या दोरीने ज्यांच्या हाताला घट्टे पडले त्यांना पंप आल्याचे दुःख झाले नाही. पहाटे तीन वाजता उठून दळणाऱ्या सुनांनी गिरणीचे स्वागतच केले. वस्तू बदलल्या, त्या वस्तूंशी जीवाचा जो अहंकार, आसक्ती आणि आळस जोडलेला असतो, तो मात्र बदलला नाही. तो नव्या वस्तूंतही नेमका तसाच सापडतो. याचेही एक उदाहरण देतो. त्यातही हसे माझेच आहे.

दारावरील वही

मागे एका शहरात भिक्षेस निघालो. पूर्वी तेथे वाडे होते, आता अनेक मजली इमारती आहेत. एका संकुलाच्या फाटकावर रखवालदाराने थांबविले आणि वही पुढे केली. वहीत रकाने होते: नाव, कोठून आलात, कोणाकडे जायचे, काम काय, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही.

मी लेखणी हातात घेतली आणि थबकलो. नाव टाकले तेव्हाच तर अनुसरण घेतले. 'कोठून आलात' या रकान्यात आश्रमाचे गाव लिहावे, तर अटन करणाऱ्याला एक गाव असू नये अशी आपली शिकवण. 'कोणाकडे' याचे उत्तर 'कोणाकडेही नाही' किंवा 'सर्वांकडे'. 'काम' या रकान्यात वरच्या ओळींत 'पार्सल', 'नळदुरुस्ती', 'पाहुणे' असे लिहिलेले होते. आणि जाण्याची वेळ कोणाला ठाऊक असते?

एवढा विचार मनात आला तो चांगला होता. परंतु हाताने काय केले ते सांगितले पाहिजे. हाताने नावामागे 'महंत', नावापुढे 'शास्त्री' लिहिले आणि ठळक सही केली. रखवालदाराने ते वाचले आणि शांतपणे म्हणाला, 'बाबा, हे सगळं ठीक आहे, पण काम काय ते लिहिलंच नाही.'

मी 'इतर' असे लिहिले. वर गेलो. एका दाराची घंटा वाजविली तो भिंतीतून आवाज आला, 'कोण?' आवाज कोठून येतो ते समजेना. मी दाराकडे तोंड करून बोललो, तेव्हा भिंतीतील आवाज म्हणाला, 'इकडे बघून बोला.' पुन्हा विचारणा झाली, 'कोण?' या खेपेस मी नाव सांगितले नाही, पदवी सांगितली नाही. 'भिक्षा' एवढेच म्हणालो. काही वेळाने दार उघडले. एका मुलीने पोळी-भाजी आणि सोबत बिस्किटांचा पुडा झोळीत घातला आणि दंडवत केला.

'कोण?' हा प्रश्न विचारशास्त्राचा पहिला प्रश्न आहे. जीव कोण, देवता कोण, प्रपंच काय, परमेश्वर कोण, याचा विवेक करणे म्हणजेच आपले ज्ञान. तो प्रश्न मला आश्रमात अनेकदा विचारला गेला होता आणि मी त्याची पाठ उत्तरे दिली होती. भिंतीतील यंत्राने विचारले तेव्हा मात्र पाठ उत्तर उपयोगी पडले नाही.

त्या दिवशी लीळाचरित्रातील कावळा व साळई यांची कथा आठवली. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या या ग्रंथात स्वामींनी बालकाला सांगितलेली ही गोष्ट आली आहे. कावळ्याचे घर शेणाचे, साळईचे मेणाचे. पाऊस येतो आणि शेणाचे घर वाहून जाते. साळईची चिमणी होऊन आजही घराघरांत ही कथा आया सांगतात, आणि त्यात कावळा चिमणीच्या बंद दाराशी भिजत उभा असतो. बंद दाराशी उभे असताना माझे 'महंत' आणि 'शास्त्री' हे शेणाचे घर खालच्या वहीतच वाहून गेले होते. साक्षात परब्रह्म परमेश्वराने लेकराला कावळ्या-साळईची गोष्ट सांगावी, यात संकोच मानला नाही. आणि आपण तिला बालकथा म्हणून बाजूला ठेवतो!

शंका-समाधान

पहिली शंका: हास्य हा विकार आहे. साधकाने गंभीर असावे. मग विनोदाचे महत्त्व सांगणे आचाराला धरून आहे काय?

समाधान: हास्याचे दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. ज्या हसण्याने दुसरा लहान होतो आणि आपण मोठे होतो, तो उपहास. त्यात हिंसा आहे. तो वर्ज्यच आहे. मुलाच्या प्रश्नावर पहिल्या दिवशी सभा हसली आणि मी दटावले, ते दोन्ही याच जातीचे. ज्या हसण्याने आपला अहंकार उघडा पडतो आणि जवळ बसलेले परके राहत नाहीत, ते हास्य साधनाला मारक नाही. दुसऱ्या दिवशीचे हसणे असे होते. कसोटी सोपी आहे: हसून झाल्यावर नमस्कार करावासा वाटतो की पाठ फिरवावीशी, ते पाहावे.

श्रीगोविंदप्रभूंच्या लीळांतही लोकांना हसू येई. त्यांचे बोलणे-वागणे लौकिक रीतीला धरून नसे; ते मुलांत खेळत, कोणाच्याही घरात जात. ज्यांनी त्यांना वेडे म्हणून हसण्यावारी नेले त्यांच्या पदरी हसूच राहिले. आणि ज्या रिद्धपूरकरांनी त्यांत कृपा ओळखली, त्यांना तेच माय आणि बाप वाटले. महदाइसेने त्यांच्या विवाहप्रसंगी धवळे गाइले. धवळे म्हणजे लग्नघरी बायकांनी म्हणावयाची गाणी. त्याच साध्या प्रकारात तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीचे स्वयंवर गाइले, आणि त्यामुळे ती आज आद्य मराठी कवयित्री म्हणून ओळखली जाते. मात्र एक मर्यादा पाळावी. लीळा स्मरणासाठी आहे, अनुकरणासाठी नाही. ईश्वराचे वेडेपण जीवाने अंगी आणू पाहिले तर ते सोंग होते.

दुसरी शंका: जुन्या वस्तू लोकांना ठाऊक नाहीत, तर दृष्टांतांत नव्या वस्तू घालाव्यात काय?

समाधान: पाठाला हात लावू नये. पाठ आपला नाही. तो पूर्वाचार्यांनी आपल्या स्वाधीन केलेला ठेवा आहे. परंतु समजावून सांगताना आजच्या व्यवहारातील उदाहरण जोडावयास हरकत नाही. फक्त ते दार्ष्टान्तिकाच्या कसाला उतरले पाहिजे. एका तरुण साधकाने प्रवचनात सांगितले की, परमेश्वर मोबाईलच्या मनोऱ्यासारखा आहे. तो सर्वत्र संदेश पोचवितो, आपले यंत्र चालू असले पाहिजे. श्रोते प्रसन्न झाले, हसले. नंतर मी त्याला एकांतात विचारले, 'वीज गेली की मनोरा बंद पडतो. परमेश्वर कोणाच्या आधीन आहे काय? आणि रिचार्जचे पैसे भरले की संपर्क मिळतो. कृपा अशी विकत मिळते काय?' तो हसला आणि म्हणाला, 'बाबा, अर्धा हत्ती झाला.' मला त्याचे उत्तर फार आवडले.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम जुनी वस्तू शक्य तेथे प्रत्यक्ष दाखवावी. प्रत्येक आश्रमात एक सूप, एक जाते, एक मुसळ जपून ठेवणे कठीण नाही. नंतर ती वस्तू दृष्टांतात कोणते काम करते ते सांगावे. त्यानंतरच, हवे तर, आजच्या व्यवहारात तेच काम कोठे दिसते ते शोधावे. शोध वस्तूचा करू नये, जीवाच्या वागण्याचा करावा. वस्तू नव्या मिळतील. वागणे जुनेच सापडेल.

उपसंहार

त्या वृद्ध बाईंचा पुढे देहांत झाला. त्यांनी दिलेले सूप आमच्या आश्रमात आहे. हत्तीचा दृष्टांत आला की ते खुंटीवरून उतरविले जाते आणि विद्यार्थी डोळे मिटून त्यावरून हात फिरवितात. वर्षातून एकदा मीही पाखडून पाहतो. अजून निम्मा कोंडा माझ्या अंगावर येतो. विद्यार्थी हसतात, मी हसू देतो. त्या हसण्यात मला माझ्या हाती हत्तीचे कोणते अंग आहे, त्याची आठवण राहते.

आपल्या घरात, भिक्षेच्या वाटेवर, शेतात, कचेरीत, रोज असे काही घडते की ज्याने आपले हसे होते. ते विसरण्याची घाई करू नये. रात्री स्मरणास बसण्यापूर्वी दिवसातील असा एक प्रसंग आठवावा आणि त्याचे सूत्र कोणते, दार्ष्टान्तिक कोणते, याचा विचार करावा.

अभ्यासाकरिता

१. हत्तीच्या दृष्टांतात प्रत्येक आंधळ्याचे म्हणणे कोणत्या अंशी खरे व कोणत्या ठिकाणी चुकीचे, ते आपल्या शब्दांत लिहा.

२. हास्य आणि उपहास यांतील भेद आपल्या अनुभवातील एका प्रसंगाने स्पष्ट करा. प्रसंग स्वतःचाच घ्यावा, शेजाऱ्याचा नको.

३. दृष्टांतपाठातील कोणताही एक दृष्टांत घेऊन त्यात आलेली, आता वापरात नसलेली वस्तू घरातील वडील माणसांकडून समजून घ्या, आणि शक्य झाल्यास ती हाताने वापरून पाहा.

सर्व संत-महंत, तपस्विनी, साधक व वासनिक वाचकांस सविनय दंडवत प्रणाम.

॥ श्रीचक्रधरार्पणमस्तु ॥